आईची हळद आणि गाडीचा फिल्टर

तुम्ही कधी स्वतःच्या आईला भर रस्त्यात, दहा-पंधरा अनोळखी माणसांसमोर, गाडी बंद पाडल्याच्या आरोपाखाली दोषी ठरवलं आहे का?

मी ठरवलं आहे. आळेफाट्याहून ओतूरला जाताना, सकाळी दहाच्या सुमारास, चढावर. आरोपपत्र मीच वाचलं, साक्ष मीच दिली आणि निकालही मीच लावला. आरोपी तेव्हा मागच्या सीटवर बसून शेंगदाण्याचा लाडू खात होती.

आधी घरची माहिती देतो. आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, आळ्यात छोटी प्रेस आहे. तिथे लग्नपत्रिका छापतात, रोपवाटिकांची बिलबुकं छापतात आणि चळवळींची पत्रकं छापतात. पहिल्या दोन कामांवर घर चाललं, तिसऱ्यावर मी वाढलो. माझ्या शाळेच्या वह्यांना दारूबंदीच्या पत्रकांची कव्हरं असत. लिहायला शिकल्यावर मी मामाला पहिलं पत्र धाडलं, त्याची सुरुवात ‘बंधू-भगिनींनो’ अशी होती. शेवटी मागणी नसलेलं वाक्य मला अजूनही अर्धवट वाटतं.

माझं स्वतःचं ताजं पत्रक होतं ‘कारण शोधा’. शेजारच्यांची विहिरीवरची मोटर जळली आणि त्यांनी वायर तपासायची सोडून स्टार्टरला लिंबू-मिरची बांधली, तेव्हा मी ते एका बैठकीत लिहिलं. दादांनी हजार प्रती छापल्या. साठेक वाटल्या गेल्या. उरलेल्या घरात होत्या, आणि फार उपयोगी पडत होत्या. आई त्या डब्यांखाली घालायची, ताई आरसा पुसायची, दादा चष्मा पुसायचे. विचार घराघरांत पोचले पाहिजेत असं मी म्हणायचो. निदान एका घरात पोचले होते.

आता गाडी. आमची गाडी लहान, पांढरी आणि वयानं माझ्याहून थोडीच धाकटी. चढ दिसला की ती विचार करू लागायची. त्यातच ताईला ओतूरच्या एका कॉलेजातून ग्रंथालय सहायकाच्या मुलाखतीचं पत्र आलं. मंगळवारी अकरा वाजता. ताईनं या जागेसाठी तीन वर्षं वाट बघितली होती, ग्रंथालयाची परीक्षा दिली होती, दोन स्थळं परत पाठवली होती. एसटीनं जाते म्हणाली. मी म्हणालो, “एसटीच्या भरवशावर राहू नकोस. मी तुला नेतो. रविवारी गाडीचं इंजिन सुधारतो.”

“तू?” ताई म्हणाली.

“मी.”

“मग एसटीचं टाइमटेबल काढून ठेवते.”

मोबाइलवरच्या व्हिडिओंतून मला एक अन्याय कळला होता. गाडीच्या इंजिनाला जी हवा लागते, ती कंपनी एका बंद काळ्या डब्यातून, अरुंद नळीतून, मोजून-मापून देते. हवा सगळ्यांची. तिला डब्यात कोंडायचा अधिकार कंपनीला कोणी दिला? तो डबा काढायचा, जागी रुंद पाइप आणि उघडा, शंकूसारखा फिल्टर लावायचा, की इंजिन मोकळा श्वास घेतं. (हे वाक्य व्हिडिओतलं. ‘मुक्तीचा श्वास’ मी जोडलं.)

आळेफाट्यावर पारसशेठचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर, पण शेठची मराठी आमच्याहून फाट्याची. मी फिल्टर मागितला. शेठनं एकदा माझ्याकडे, एकदा बाहेर उभ्या गाडीकडे बघितलं.

“चांगला देऊ का स्वस्त?”

“जनतेला परवडेल असा.”

“म्हंजी स्वस्त.” शेठनं लाल फिल्टर काउंटरवर ठेवला. “राव, खरं सांगू? ह्यानं गाडी पळायची न्हाई. आवाज लई यील.”

“शेठ, तुम्ही कंपनीच्या बाजूचे दिसता.”

“मी गिऱ्हाइकाच्या बाजूचा हाय, म्हणून तर सांगतो. बरं, एक ध्यानात ठिवा. डबा काढला की इंजिनाकडं जाणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडतं. त्यात नटबिट पडू नये म्हणून काहीतरी कोंबून ठिवा.”

रविवारी दुपारी मी काम काढलं. डबा काढला, नळीच्या तोंडात हाताशी होतं ते कोंबलं, नवा पाइप कुठल्या बाजूनं बसतो यावर दादांशी वाद घातला, वाद जिंकला, पाइप उलटा बसला, पुन्हा काढला. आईनं तीन वेळा जेवायला बोलावलं. चौथ्या हाकेला मी पाइप बसवून क्लिप आवळली, इतकी की पान्हा कण्हला, आणि गाडी चालू केली. काय आवाज! अंगणातली कोंबडी थेट गोठ्यात गेली. मी एकदा हलकेच ॲक्सिलरेटर दाबला, समाधान पावलो आणि जेवायला गेलो. गाडी रस्त्यावर काढून बघावी, असं कुणाच्याही मनात आलं असतं. माझ्या आलं नाही.

मंगळवारी सकाळी आई पूजेचं ताट घेऊन गाडीपुढे उभी.

“बॉनेट उघड.”

“आई, हा फिल्टर आहे.”

“नवी वस्तू हाय ना? लाल मोदकावानी दिसतीय. पूजा केल्याबिगर पोरगी मुलाखतीला जायची न्हाई.”

‘कारण शोधा’च्या लेखकाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत! मी भाषण सुरू केलं. ताई म्हणाली, “साडेनऊ झाले.” मी बॉनेट उघडलं. आईनं उघड्या फिल्टरवर हळद टाकली, कुंकू टाकलं, अक्षता टाकल्या. दादांनी नारळ फोडला, त्याचं पाणी आईनं वर शिंपडलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. मी डोळे मिटून घेतले. (आईला वाटलं मी नमस्कार करतोय. ती खूश झाली.)

गाडी निघाली. दादा माझ्या शेजारी, आई आणि ताई मागे. आळेफाट्यापर्यंत गर्दीत हळूच गेलो, सगळं ठीक. हायवेला लागल्यावर मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी पुढे जाण्याऐवजी मागे ओढली गेल्यासारखी झाली. पाय उचलला की चालायची, दाबला की गुदमरायची. चढ लागला. कांद्याची ट्रॅक्टर-ट्रॉली आम्हाला ओलांडून गेली. ट्रॉलीतल्या बाईनं ताईला हात केला. मग चढाच्या मध्यावर गाडीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि थांबली.

ताईनं फाइल छातीशी घट्ट धरली आणि घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून आठ मिनिटं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला कारण हवं होतं. आणि कारण मागच्या सीटवर बसलं होतं.

मी बॉनेट उघडलं. लाल फिल्टरवर पिवळी हळद. पुरावा समोर होता. “बघा!” मी रस्त्यावर उभा राहून म्हणालो. “इंजिनाला हवा पाहिजे, तर आपण त्याला कुंकू खायला घालतो. वर नारळाचं पाणी. आणि मग म्हणतो, गाडी का चालत नाही? किती दिवस आपण कारण न शोधता...”

एक दुचाकी थांबली, मग दुसरी. पलीकडच्या टोमॅटोच्या वावरातली माणसं बांधावर आली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “पावणं, गाडी बंद पडलीय का सभा हाय?”

“दोन्ही,” दादा म्हणाले.

आई खिडकीतून म्हणाली, “चिमूटभर हळद व्हती रं. एवढ्या भाजीला बी पुरत न्हाई. तिच्यानं गाडी बंद पडती व्हय?”

“आई, हीच ती वृत्ती!” मी म्हणालो, आणि हात वर केला. (हात वर केला की मला थांबता येत नाही.)

तेवढ्यात चढाच्या टोकावरच्या ट्रॅक्टर गॅरेजातून दत्तूभाऊ मेस्त्री हात पुसत खाली आले. त्यांना म्हाताऱ्यानं हाक मारली होती. दत्तूभाऊंनी आधी माझं भाषण संपायची वाट बघितली. ते संपेना, म्हणून त्यांनी फिल्टर काढला.

“हळद आहे त्यावर,” मी म्हणालो.

त्यांनी फुंकर मारली. हळद उडाली. “ह्यानं काय व्हत न्हाई. ह्या फिल्टरातून रस्त्याची माती आत जाती, हळद म्हंजी काय. ही क्लिप कोणी लावली?”

“मी.”

“लई मनापासून लावलीय.” ते बराच वेळ क्लिपशी झटले. पाइप निघाला. त्यांनी नळीच्या तोंडात डोकावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा नळीत. खिशातून लांब चोचीची पक्कड काढली आणि आतून कागदाचा एक बोळा ओढला. मग म्हणाले, “थांबा, अजून एक हाय.” दुसरा ओढला.

मला रविवार आठवला. हाताशी होतं ते.

दत्तूभाऊंनी बोळा बॉनेटवर ठेवून तळहातानं सरळ केला आणि एकेक अक्षर जोखत मोठ्यानं वाचलं: “‘कारण शोधा. काही बिघडलं की दुसऱ्याला दोष देण्याआधी डोळे उघडून आत बघा.’” ते थांबले. “चांगलं लिवलंय की. हे लेखक कुठं भेटतील?”

“हे काय,” आई लाडूचा शेवटचा घास संपवत म्हणाली, “तुमच्या म्होरंच हायती.”

टोमॅटोच्या बांधावर हसू उसळलं ते थेट ओतूरपर्यंत गेलं असावं. दादांनी मात्र पत्रक उचलून उजेडात धरलं. दोन दिवस इंजिनात राहून आलेला कागद. “शाई बघ,” ते मला हळूच म्हणाले. “जरा बी पसरली न्हाई.” त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि त्या क्षणी तो सगळा माझ्या वाट्याचाच आहे असं मी ठरवलं.

दत्तूभाऊंनी पाइप बसवला, मजुरी काही घेतली नाही. दुसरी प्रत मात्र मागून घेतली. “गॅरेजात लावतो. गिऱ्हाइकं लई भांडत्यात.”

मग गाडी निघाली. पळाली म्हणत नाही, पण पूर्वी जायची तेवढी गेली, आणि आवाज मात्र चौपट केला. शेठचा शब्द तंतोतंत खरा. कॉलेजच्या फाटकाशी शिपाई बाजूला सरला, त्याला मागून ट्रक येतोय असं वाटलं. अकराला चार मिनिटं कमी होती. ताई उतरली, पदर सारखा केला, आणि मी “ताई...” म्हणेपर्यंत आत गेली.

तासाभरानं बाहेर आली ती हसत.

“काय विचारलं?” आम्ही तिघांनी.

“जुनी पत्रकं, हस्तपत्रिका कशा जतन कराल, असं विचारलं. म्हटलं, कोरड्या जागी, सपाट, आणि भावाच्या हाताला लागणार नाहीत अशा.”

ताईला नोकरी लागली. फिल्टर अजून गाडीवर आहे, कारण त्या आवाजाचा एक फायदा झाला. गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की आई चहाचं आधण ठेवते. दसऱ्याला ती फिल्टरवर हळद टाकते. मी बॉनेट धरून उभा राहतो आणि तोंड बंद ठेवतो.

तर बंधू-भगिनींनो, माझी मागणी एवढीच. तुम्ही अलीकडे घरातल्या ज्या माणसाला न बघताच दोष दिला असेल, त्याच्याकडे आजच जा, चूक कबूल करा आणि त्याच्या हातचा चहा प्या. हा लेख वाचून झाल्यावर कागदाचं काहीही करा. डब्याखाली घाला, चष्मा पुसा, माझी हरकत नाही. फक्त गाडीच्या नळीत कोंबलात, तर काढायची आठवण ठेवा. दत्तूभाऊंच्या भिंतीवर आता जागा नाही.