अस्सल बरहुकूम

"मुळात हाय का?"

काहीही सांगा, नाना आधी एवढंच विचारायचे. मूळ नकाशात असेल तर काढणार, नसेल तर नाही. कालव्याच्या कामासाठी आमच्या भागात उघडलेल्या एका ऑफिसात ते ट्रेसर होते. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि रेघ न रेघ शाईने गिरवायची, हे त्यांचं काम. मी त्याच खोलीत कारकून; मला ते भाऊसाहेब म्हणायचे. त्यांची नक्कल पुरी झाली की खाली 'अस्सल बरहुकूम', म्हणजे मुळाप्रमाणेच, असा शिक्का मी मारायचा.

एकदा मूळ नकाशात पेन्सिल घसरून एका ओढ्याला उगीचच फाटा फुटला होता. नानांनी तोही इमानाने गिरवला. ओढा विट्याच्या पूर्वेचा, त्यांच्या गावाशेजारचा.

"नाना, तिथं खरंच फाटा आहे का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"मुळात हाय न्हवं."

सगळी खोली हसली. नानाही हसले. अशी माणसं तुम्हीही कचेऱ्यांतून पाहिली असतील. ती जन्मापासूनच तशी, असं आपण धरून चालतो. मीही चालत होतो.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी एक तरुण इंजिनिअर बदलून आले. कालवा ज्या गावांतून जाणार तिथं ते नकाशा घेऊन जायचे. लोक माना डोलवायचे, कळायचं कुणालाच नाही. एका बाईने विचारलं, "ह्यात माझी हीर कुठं हाय?" साहेबांना तिची विहीर दाखवता आली नाही. परत आल्यावर ते नानांना म्हणाले, "टेकडीवरून गाव दिसतं तसं चित्र काढा. त्यात कालवा दाखवा."

"मूळ कुठाय साहेब?"

"मूळ नाही. तुम्हीच काढायचं."

चार दिवस नाना कोऱ्या कागदासमोर बसून होते. हाताला घाम यायचा. कागद ओला होऊ नये म्हणून मनगटाखाली टिपकागद ठेवायचे. पाचव्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना जीपमधून त्या बाईच्या गावाच्या टेकडीवर नेऊन सोडलं.

तिथं नाना बोलले. मी काही विचारलं नव्हतं. लहानपणी ते वडिलांबरोबर मेंढरांमागे रानोमाळ फिरत. सपाट कातळ दिसला की चुनखडीने मेंढरं काढत. वडिलांना अक्षरओळख नव्हती, पण चित्रातली चूक नेमकी दिसायची. "ही आपली कानतुटी न्हवं? तिचा डावा कान तुटलाय." पोराचं चित्र पुरं होईपर्यंत ते कळप हलवत नसत.

मग शाळेसाठी त्यांना विट्याला मामाकडे ठेवलं. मास्तरांनी फळ्यावर घागर काढली. नानांनी आपल्या घरची काढली, काठाला पोचा आलेली. मास्तरांनी हातावर छड्या मारल्या. फळ्यावर आहे तेवढंच काढायचं. मामा म्हणाले, शहाणपणा केलास तर मेंढरांमागं परत धाडीन.

"मला तर जायाचंच हुतं," नाना म्हणाले. "पन आई रडली. मग ऱ्हायलो."

पुढे थोरले भाऊ लष्करातून सुट्टीवर आले, ओळखीने ही नोकरी लावून दिली आणि बजावून गेले, "डोकं लावू नगं. हुकूम आला की हात चालव."

"तवापासनं हात चालवतोय, भाऊसाहेब."

एवढं बोलून त्यांनी पेन्सिल उचलली. उन्हं कलायच्या आत गाव कागदावर उतरलं. घरं, बाभळी, काट्यांचं कुंपण, सावलीला बसलेली जनावरं.

ते चित्र गावच्या चावडीत लावलं तेव्हा माणसांची रीघ लागली. एका म्हाताऱ्याने आपली म्हैस शिंगांवरून ओळखली. त्या बाईने चित्रातल्या विहिरीवर बोट ठेवलं. बोटाखालूनच कालव्याची रेघ जात होती.

"म्हंजे माझी हीर जातीय," ती म्हणाली.

साहेबांनी पुन्हा मोजणी केली, कालवा थोडा वळवला, विहीर वाचली. त्या वर्षभरात नानांनी अकरा गावं काढली. कामावर येताना गुणगुणायला लागले. एकदा तर चालू मोजणीतली चूक त्यांनी आपणहून साहेबांना दाखवली. हे तेच नाना का, असं आम्ही एकमेकांना विचारायचो.

मग साहेबांची बदली झाली. नवे अधिकारी आले. त्यांच्या टेबलावर गावोगावच्या हरकतींचा ढीग. "चित्रं बघून लोक शहाणे झालेत. हे बंद करा," असं म्हणून त्यांनी मला नानांच्या नावे मेमो लिहायला सांगितला.

मला माझ्या भाषेचा अभिमान होता. दोनदा मसुदा फाडून तिसऱ्यांदा लिहिला. 'शासकीय वेळ व सामग्री आपण व्यक्तिगत कल्पनाविलासाकडे वळविल्याचे निदर्शनास आले आहे.' 'कल्पनाविलास' वाचून नवे साहेब म्हणाले, "वा, शब्द छान सुचला." त्या कौतुकावर मी दिवसभर खूश होतो.

नानांनी मेमो उभ्यानेच वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"भाऊसाहेब, ह्यो शब्द साहेबांचा न्हाई. तुमचा हाय."

मी मान खाली घातली.

"लय चांगला हाय," ते म्हणाले, आणि सही करून जागेवर जाऊन बसले. त्यात टोमणा नव्हता. असता तर मी केव्हाच विसरलो असतो.

चित्रं उतरवली गेली, पुढे रद्दीत गेली. नाना पुन्हा गिरवायला लागले. एकही चूक नाही. गुणगुणणं थांबलं. मी त्यानंतर हजारो पत्रं लिहिली असतील. पण एखादा शब्द मनासारखा सुचला की टेबलापलीकडे कुणी उभं आहे असं वाटतं आणि मी तो खोडून नेहमीचाच शब्द घालतो.

दशक संपता संपता ते आजारी पडले. सांगलीच्या एका दवाखान्यात मी भेटायला गेलो. दुपारची वेळ होती, त्यांची बायको चहा आणायला गेली होती. नाना छताकडे बघत पडले होते आणि उजव्या हाताचं बोट चादरीवर फिरत होतं. लांब वळण, मग आखूड रेघा, पुन्हा वळण.

"काय काढताय नाना?" मी विचारलं.

बोट थांबलं. त्यांनी हात हळूच चादरीखाली घेतला.

"काय न्हाई, साहेब. उगंच."

आजवर मी भाऊसाहेबच होतो; नुसतं साहेब त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. मी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलो. बऱ्याच वेळाने मागे कापडाची बारीक सळसळ सुरू झाली. ती थांबेपर्यंत मी वळून पाहिलं नाही.