धुळ्याचे पर्यावरण आणि माझ्या मिशा

जळगावहून धुळ्यास जाणे ही भूगोलाच्या दृष्टीने क्षुल्लक घटना असली, तरी अस्मादिकांच्या चरित्रात तिला यंदाच्या हिवाळ्यात महाप्रस्थानाचे स्वरूप आले. कारण ज्याच्याकडे निघालो होतो, त्याने न येण्याची विनंती केलेली होती. तीही पृथ्वीच्या वतीने.

विनायक हा माझा महाविद्यालयीन मित्र. पूर्वी दर हिवाळ्यात तो सपत्नीक जळगावी येई. आम्ही अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत असू आणि धुराने आलेले अश्रू पुसत भरीत खात असू. मग महामारी आली. कारखाने, मोटारी, सारे निमाले, आणि एके सकाळी माझ्या गच्चीवरून सातपुडा इतका स्वच्छ दिसला, की त्याच्या घळी बोटाने दाखवाव्यात. दाखवायला जवळ कोणी नव्हते, म्हणून विनायकला फोन केला. त्याला म्हणे लळिंगच्या किल्ल्याचे बुरूज दिसत होते. त्या वर्षीचे भरीत आम्ही मोबाइलच्या पडद्यावर खाल्ले. त्याचे ताट धुळ्यात, माझे जळगावात.

टाळेबंदी उठली, तरी पडद्यावरचे भोजन चालूच राहिले. "अरे, एका वांग्यासाठी नव्वद किलोमीटर पेट्रोल जाळायचं?" विनायक म्हणे. "तेव्हाचं आकाश विसरलास?" युक्तिवाद बिनतोड होता. हिवाळे उलटत गेले. पत्नी निवर्तल्यापासून घरात मी एकटाच. फोन मिटल्यावर भाकरी मोडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटू लागला. यंदा निश्चय केला, की समक्ष जाऊन विचारायचे: अडचण वातावरणाची आहे, की माझी?

कोणास हा प्रवास करायचा असल्यास, एरंडोल-पारोळ्यामार्गे एस.टी.ने अडीच-तीन तासांत धुळे येते. मी मात्र नैतिक उंची राखण्यासाठी रेल्वे निवडली. आधी चाळीसगाव, तेथे गाडी बदलून धुळे. वेळ जवळजवळ दुप्पट, भाडे नाश्त्याहून कमी, पुण्य अगणित. चाळीसगावच्या फलाटावर चहा अवश्य घ्यावा. भजी गरम असतील तरच.

पाचोऱ्याला एक वयोवृद्ध आबा चढले आणि माझ्या वांग्यांच्या पिशवीकडे टक लावून म्हणाले, "वांगा कोठे लई चालनात, नाना?"

"धुळ्याला, मित्राकडे," म्हणालो, आणि महामारीने पृथ्वीवर केलेल्या उपकारांवर प्रवचन आरंभले.

आबांनी ते शांतपणे ऐकले. "आमनी जामनेरनी छोटी गाडी तवय बंद पडनी, ती आजून बंदच शे. आते बठ्ठा फटफटीवर फिरतस. मंग धूर कमी व्हयना का जास्त, तुम्हीच सांगा."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर कपाशी होती. क्षितिजाच्या ठिकाणी राखाडी रंगाचा एक पट्टा होता.

विनायकने दार उघडले आणि मला कडकडून मिठी मारली. इथवर सारे शास्त्रोक्त. मग तो बोलू लागला आणि थांबेचना. नातू, गुडघा, पाणीपुरवठा, पुन्हा नातू. मी मध्ये काही विचारले, की तो प्रसन्न हसे आणि विषय पुढे नेई. जेवायला शेवभाजी होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, आणि घशाशी माझा प्रश्न होता. अखेर घास खाली ठेवून विचारले, "विनायक, खरं सांग. तुला मी यायला नको होतो का?"

त्याने स्मित केले आणि माझ्या वाटीत आणखी शेवभाजी वाढली.

याहून स्पष्ट उत्तर मला आयुष्यात मिळालेले नाही, असे वाटले. परतीची गाडी किती वाजता, याचा विचार मनात सुरू झाला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. "भाऊजी, त्याचा उपयोग नाही. त्यांना फोन लावा."

"फोन? हा तर समोर बसलाय!"

"लावा तर खरं."

विनायकने ओशाळून हेडफोन कानांवर चढवले. मी हातभर अंतरावरून त्याला फोन लावला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याचा चेहरा उतरला.

"मास्क आले ना, तेव्हा कळलं," तो म्हणाला. "सगळ्यांचे आवाज एकदम गेले. इतकी वर्षं मी लोकांचे ओठ बघून ऐकत होतो, हे मलाच माहीत नव्हतं. कानाचं यंत्र घेतलं, पण त्यात कुकर ऐकू येतो, माणूस नाही. मास्क उतरले तशी सगळी माणसं परत आली. तू सोडून."

"मीच का?"

त्याने माझ्या वरच्या ओठाकडे बोट केले.

येथे खुलासा आवश्यक आहे. टाळेबंदीत सलून बंद असल्याने माझी श्मश्रुसंपदा ओठ ओलांडून खाली उतरली होती. तिचे तेज पाहून मी ती पुढेही जोपासली.

"मग सांगायचं ना, गाढवा!"

"इतक्या कौतुकाने वाढवलीस! शिवाय बहिरा झालो म्हणण्यापेक्षा पृथ्वी वाचवतो म्हणणं बरं दिसतं."

"आणि पृथ्वी?"

"तीही वाचली असेल थोडीफार," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रफिकभाईंच्या सलूनमध्ये जाऊन बसलो. "बठ्ठी काढू, भाऊ?" सगळीच का, असे त्यांनी दोनदा विचारले. मी मान हलवताच त्यांनी रेडिओ बंद केला, निःशब्द काम उरकले आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मिशीला एवढा सन्मान मिळालेला पाहून मी गहिवरलो. नंतर विनायकच्या ओट्यावर आम्ही दुपारपर्यंत बोलत बसलो. फोनविना. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता, आणि मध्येच प्रतिवादही करत होता.

परतताना एस.टी. पकडली. रुंद झालेल्या महामार्गावरून जाताना जाणवले, की त्या वर्षी आकाश निवळले ते आमच्या शहाणपणाने नव्हे. आम्ही सारे दाराआड होतो म्हणून. दारे उघडताच धूर तत्परतेने परतला. पाहुणे तेवढ्या तत्परतेने परतले नाहीत. माणसांची ताटातूट हाच आकाशाचा उपाय असेल, तर मी तो एकट्याने बरीच वर्षे करून पाहिला आहे. सातपुडा पुन्हा तसा दिसलेला नाही.

संध्याकाळी कुलूप काढत असताना समोरच्या पाटील अक्का माझ्याकडे पाहून थबकल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "नाना, कोण गेलं हो?"

तेव्हा कुठे रफिकभाईंचा हात आठवला. "कोणी नाही, अक्का!"

त्यांचा विश्वास बसला नाही. थोड्या वेळाने त्या झाकलेले ताट घेऊन आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. पिठलं-भाकरी होती. महामारीनंतर त्या प्रथमच माझा उंबरा ओलांडून आत आल्या होत्या. मी सारी हकिकत सांगितली. अक्का इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावे लागले.

त्यांच्यादेखतच विनायकला व्हिडिओ कॉल लावला. त्याने हेडफोन घातले नव्हते. मी सावकाश विचारले, "कधी येतोस?" त्याने माझ्या ओठांकडे निरखून पाहिले.

"रविवारी. रेल्वेने येतो. काड्या आणून ठेव."

"मग माझंही ताट धरा," अक्का म्हणाल्या, "आणि धूर माझ्या वाळवणावर येऊ देऊ नका."

काड्या अंगणात येऊन पडल्या आहेत. रोज सकाळी आरशासमोर मी वरचा ओठ गुळगुळीत करतो. रविवारी थोडा धूर होईल. आकाशाने एवढ्यापुरते सांभाळून घ्यावे.