माझ्याआधी खाप्याला येऊन गेलेली बाई

मांजर आडवी गेली तर मी मांजरीलाच ‘हो बाजूला’ म्हणते आणि पुढे जाते. अमावास्येला स्कूटर घेतली, चांगली नऊ वर्षं चालली. त्यामुळे असले अनुभव मी आजवर दुपारच्या चहाबरोबर वाचून हसतच आले... आणि आता स्वतःच लिहायला बसले आहे. तुम्हीही हसा, पण शेवटपर्यंत वाचून हसा.

मी नागपूरची, महाल भागात राहते. चौदा वर्षं एका वकिलांकडे जात पडताळणीच्या वंशावळी टाइप केल्या. मग वाटलं, दुसऱ्यांनी शोधलेलं किती दिवस टाइप करायचं? आपणच शोधू. वंशावळीचा अभ्यास करून त्यालाच व्यवसाय करू पाहणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट सापडला. आम्ही सहा जण, वेगवेगळ्या गावांचे. दर रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉल. शिकवणारा कोणी नाही, एकमेकांचे अहवाल एकमेकांनीच फाडायचे. नियम एकच कडक — स्वतःच्या घराण्यावर काम करायचं नाही. आपल्या घराण्यात माणसाला हवं तेच दिसतं. म्हणून घराणी अदलाबदल करायची.

माझ्या वाट्याला नाशिकच्या मीनलचं घराणं आलं, कारण ते मूळचे खाप्याचे कोष्टी आणि खापा माझ्यापासून तासाभरावर. तिचे वडील नामदेवकाका ऐंशी पार केलेले. त्यांना सावत्र आईनं वाढवलं, जीव लावून वाढवलं. पण जन्म देणारी त्यांच्या जन्मानंतर लगेच गेली, आणि घरात तिचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. वंशावळीत काकांचे वडील विठोबा यांच्या शेजारी नुसतं ‘पहिली बायको’. पितृपक्षात आगारी टाकतात, म्हणजे निखाऱ्यावर पितरांच्या नावानं घास टाकायचा. काका दरवर्षी सगळ्यांची नावं घेत आणि शेवटचा घास मुकाट्यानं टाकत. यंदा डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाबद्दल बरं काही सांगितलं नव्हतं. मीनल म्हणाली, “एवढं एक नाव मिळवून दे.” मी म्हटलं, मिळवल्याशिवाय सोडत नाही.

खाप्याच्या जुन्या नोंदींत काकांच्या जन्माच्या सालाची आणि पुढच्या दोन सालांची मृत्यूची पानं मी बोट ठेवून वाचली. विठोबांच्या घरचा एक म्हातारा सापडला, बायको नाही. दप्तर सांभाळणारे बावणेभाऊ रजिस्टर परत घेताना म्हणाले, “तुमच्यातली ती दुसरी बाई पण हेच साल पाहून गेली.”

माझं डोकंच फिरलं. मला काम देऊन मागून दुसरीला धाडलं? रविवारी गटात मी मीनलला सगळ्यांसमोर झाडलं. ती बिचारी रडकुंडीला आली. बाकीचेही शपथेवर सांगू लागले की आम्ही नागपूर स्टेशनसुद्धा पाहिलेलं नाही. मग ही कोण? कोणीतरी या घराण्यावर काम करतं आहे, म्हणजे तिच्याकडे माझ्यापेक्षा काहीतरी जास्त आहे, एवढंच माझ्या डोक्यात. सोमवारी परत खापा.

बावणेभाऊ आधी टाळत होते. मी समोर खुर्ची ओढून बसले आणि उठलेच नाही, तेव्हा बोलले.

“वीस-बावीसची असन, मॅडम. नऊवारी, डोक्यावर पदर. म्हणे, मले वाचता येत नाही, तुम्हीच पाहून द्या, त्या साली विठोबाच्या घरचं तान्हं पोरगं गेलं काय. मी म्हटलं, पोराचं नाव सांग. तर म्हणे, बारसं नव्हतं झालं.”

“मग?”

“मग काय, पूर्ण साल पाहून दिलं. नाही सापडलं. म्हटलं, नाही गेला तो. तर पदर तोंडाले लावून रडून राहिली. म्हटलं, माय, तू याच घरची ना, मग तुले कसं नाही माहीत? तर म्हणे, मी तवा केळवदले होती.”

अर्ज न घेता त्यांनी आजवर कोणाला पान दाखवलेलं नाही. तिला का दाखवलं ते त्यांनाही सांगता येईना. रजिस्टर फडताळात ठेवताना सालाकडे लक्ष गेलं, ऐंशी वर्षांपूर्वीचं साल आणि बाई जेमतेम विशीची, म्हणून कोणाला बोलले नाहीत. कॅमेरा आहे, पण तो कर भरायच्या खिडकीकडे तोंड करून.

मला मात्र त्या क्षणी भीती नाही, स्वतःचा राग आला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे मला कोणी शिकवायला हवं होतं? दोन बाळंतपणं झालेली बाई मी, आणि तिला सासरच्या गावात शोधत बसले!

सावनेरच्या तहसिलीत केळवदच्या कोतवाल बुकासाठी, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीसाठी, मी चार खेपा घातल्या. ‘साहेब नाहीत’, ‘उद्या या’... आले उद्या. पाचव्या खेपेला पान समोर आलं. खाप्याच्या विठोबास मुलगा. आणि त्याच्या खाली नवव्या दिवसाची नोंद — सगुणा, जौजे विठोबा, म्हणजे विठोबाची बायको, बाळंतज्वर. मी तिथेच टेबलाला धरून रडले.

अहवालात मी लिहिलं की पहिलटकरीण म्हणून माहेरचं गाव तपासलं. तर्क बरोबरच आहे. पण माहेर केळवद हे कशावरून, असं सोलापूरच्या सदस्यानं विचारलं, आणि मला खोटं लिहवेना. मी कॉलवर सगळं सांगून टाकलं. कोणी हसलं नाही. मीनलच्या शेजारी नामदेवकाका बसले होते. साठ वर्षं नाशिकला राहिलेला माणूस, पण बोलला खाप्याचं.

“तो जगला म्हणून सांगितलं ना तिले?”

मी म्हटलं, “हो काका, सांगितलं.”

“आन् नाव? माझं नाव काय ठेवलं, ते सांगितलं कोणी?”

बावणेभाऊंनाच ते नाव माहीत नव्हतं.

ती बाई खाप्याला पुन्हा आली नाही. मी तीनदा जाऊन विचारून आले. कोण होती, मला आजही सांगता येत नाही आणि कोणी सांगेल असं वाटतही नाही. पितृपक्षात मीनलचा फोन आला. काकांनी शेवटचा घास हातात घेतला, “सगुणा” म्हणाले आणि निखाऱ्यावर टाकला. मग धूर वर जाईपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, “मी नामदेव, माय.”