नखाएवढी निगेटिव्ह

अंधेरी स्टेशनजवळचा वडिलांचा फोटो स्टुडिओ ते गेल्यावर माझ्या थोरल्या भावाने, दादाने, चालवायला घेतला. मी तिथे निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायची, गिऱ्हाइकांच्या तोंडावरचे देवीचे वण घालवायची. फोटो काढायचा तो दादाने. स्टँडवरचा मोठा कॅमेरा, काचेच्या प्लेटा, डोक्यावर काळं कापड; समोरच्याने श्वासही त्याला विचारून घ्यायचा.

मला बसलेल्या माणसांचे फोटो नको होते. सुट्टीच्या दिवशी मी वर्सोव्याला जायची, मासळी वाळत घालणाऱ्या बायकांचे फोटो काढायला. वडिलांनी मला त्यांचा घडीचा रोल कॅमेरा दिला होता. तो उघडायचा, अंतर अंदाजाने लावायचं, शटर ताणायचं, तोवर समोरची बाई पदर सारखा करून ताठ उभी. मला तिचे हात चालू असताना हवे होते. शेवटी फोर्टातल्या एका दुकानात तो कॅमेरा देऊन मी जुना पस्तीस मिलिमीटरचा घेतला. तो डोळ्याला लावून चालता चालता फोटो काढता येई.

दादाने तो हातातही घेतला नाही.

"बाबांचा कॅमेरा देऊन हे खेळणं आणलंस? नखाएवढी निगेटिव्ह. मोठा फोटो काढून बघ, माणसाच्या तोंडावर रवा सांडलेला दिसेल."

"दिसू दे," मी म्हटलं. "तुझी माणसं गुळगुळीत असतात, आणि मेलेली."

लहान निगेटिव्हवरून मोठा फोटो काढणाऱ्या, डार्करूममधल्या एन्लार्जरशिवाय ती उपयोगाची नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने डार्करूमला कुलूप घातलं. मी रिटचिंग बंद केलं. गिऱ्हाइकं फोटो परत आणू लागली तेव्हा कुलूप निघालं, पण आमचं बोलणं कामापुरतंच उरलं.

मग वर्सोव्यात एक लग्न आलं. दादाने वऱ्हाड बाकांवर बसवलं, उन्हात ताटकळत ठेवलं, प्लेट घेतली. तो कॅमेरा आवरत असताना मंडळी उठली आणि नवरीच्या मावशीने नवरीच्या आईला ओढून नाचायला लावलं. मी भराभर फोटो काढले. नवरीची आई धापा टाकत दादाकडे आली आणि ताईंनी काढलेले फोटोही आम्हाला हवेत, म्हणाली.

दादाने माझ्या हातातून कॅमेरा घेतला, मागचं झाकण उघडलं आणि सगळी फिल्म उन्हात ओढून काढली. मग शांतपणे तिला म्हणाला, "यात काही आलेलं नाही."

"आलं होतं," मी तिला सांगितलं. "यांनी आत्ता तुमच्यासमोर उन्हात जाळलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो स्टँड मिटण्यात गुंतला.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. घाटकोपरच्या एका स्टुडिओत रिटचिंगचं काम धरलं, एन्लार्जर वापरू देणार असतील तरच, या अटीवर. पहिला मोठा फोटो काढला तेव्हा खरंच रवा दिसला. दादाचं तेवढं बरोबर होतं. मी तो त्याला कधी दाखवला नाही आणि कॅमेराही बदलला नाही. मला चालतच फोटो काढायचे होते.

आम्ही एकाच घरात राहत होतो. त्याच्या मुलाच्या मुंजीत त्याने सगळ्यांना फोटोसाठी उभं केलं, कापडाखालून डोकं काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या टोकाच्या बाई, जरा आत सरका."

मी सरकले नाही.