पप्पांच्या मानेची सीडी

सीडी पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. काउंटरवरच्या मॅडमनी ट्रे बोटाने आत ढकलला. कॉम्प्युटर थोडा वेळ घरघरला, थांबला, परत घरघरला आणि ट्रे पुन्हा बाहेर आला.

"रुसली वाटतं तुमची सीडी," मॅडम म्हणाल्या.

पप्पा मोठ्याने हसले. त्या हसण्याची मला भीती वाटली. सुटका झाल्यावर माणूस हसतो, तसं ते हसणं होतं.

सात-आठ महिन्यांपासून पप्पांच्या दोन्ही हातांना मुंग्या येत होत्या. आधी ते थंडीमुळे होतं, मग वयामुळे, मग पंपाची मोटर उचलल्यामुळे. चहाचा कप हातातून सुटायला लागला तेव्हा त्यांनी स्टीलचा पेला मागायला सुरुवात केली. कुणीतरी सांगितलं म्हणून राजूरकडच्या एका माणसाकडून मान चोळून घेतली. शेवटी मम्मीने त्यांना या दवाखान्यात आणलं. तालुक्याच्या गावातल्या या दवाखान्यात मणक्याचे एक डॉक्टर पुण्याहून पंधरा दिवसांनी एकदा, शनिवारी येतात आणि दुपारी दीडला निघतात. त्यांनी पप्पांच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली आणि सांगितलं की मानेत मज्जारज्जू दबत असावा, एमआरआय करून आणा. दाब जास्त असेल तर ऑपरेशन लवकर करावं लागेल. उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही.

एमआरआय करायला पप्पांनी दोन महिने लावले. नगरला जाऊन तो झाला आणि फिल्मच्या मोठ्या पाकिटाबरोबर एक सीडी मिळाली. ती दाखवायला आज आम्ही तिघं पुणतांब्याहून वडापच्या जीपने आलो होतो. मी केडगावात एका शाळेच्या ऑफिसात काम करते, तिथून आदल्या दिवशीच घरी आले होते. जीपमध्ये पप्पा म्हणाले होते, "आज दाखवतो. पण एकदाच. सारखं सारखं मी येणार न्हाई, आत्ताच सांगून ठिवतो." पप्पा एकदा असं बोलले की तसंच करतात, हे आम्हा दोघींना माहीत होतं. आज डॉक्टरांनी आतलं बघितलं नाही तर पुढच्या वेळी त्यांना घराबाहेर कुणी काढू शकणार नव्हतं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून पाहिल्या होत्या. "एवढ्यावरून मी कुणाच्या मानेला हात लावत नाही," ते म्हणाले. "सीडी लावा. मला सगळे कट बघू द्या." आणि ते आतल्या खोलीत पुढच्या पेशंटकडे गेले. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता.

सीडी दुसऱ्यांदा बाहेर आल्यावर मॅडमनी कॉम्प्युटरच्या डब्याला वरून एक थाप मारली. "थापटल्यावर चालतो हा," त्या म्हणाल्या. नाही चालला.

"आमच्या ताईला बघू द्या," पप्पा म्हणाले. ताई म्हणजे मी. "इंग्लिश मीडियमची हाय."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बँकेचा फॉर्म, औषधाची चिठ्ठी, मोबाईलचा बंद पडलेला आवाज, जिथे काही अडेल तिथे हे वाक्य आणि त्याच्यामागे मी. शाळेत आम्हाला कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल बाहेर काढून जावं लागायचं आणि भागांची नावं पाठ करावी लागायची. हात लावायची वेळ क्वचितच यायची. पण हे कुणाला सांगणार? मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि त्यांच्या जागी मी बसले. बाकावर आणखी पाच-सहा लोक होते. सगळे माझ्या हातांकडे बघत होते.

मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो चालू व्हायला लागलेली चार मिनिटं मी घड्याळावर मोजली. सीडी घातली. घरघर, थांबणं, घरघर. ट्रे बाहेर.

"तीनदा," पप्पा म्हणाले. आता ते हसत नव्हते. "तीनदा बाहेर आली. नको म्हणतीय ती. चला, उठा."

"बसा वो जरा," मम्मी म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

मी फोन काढला आणि भिंतीकडे तोंड करून शोधलं: ड्राइव्ह सीडी पुन्हा पुन्हा बाहेर का टाकतो. पहिलंच पान उघडलं. चालू-बंद करून बघा. दुसरी सीडी घालून बघा. ड्राइव्हची तार तपासा. सीडी पुसा, पुसताना मधल्या भोकापासून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका. वाचताना मला थोडा धीर आला. निदान एकापाठोपाठ एक करायला काहीतरी होतं.

"दुसरी एखादी सीडी आहे का तुमच्याकडे?" मी मॅडमना विचारलं.

त्यांच्या ड्रॉवरमध्ये लोक विसरून गेलेल्या सीड्यांचा गठ्ठाच होता. त्यातली वरची एक त्यांनी स्वतःच घातली. दहा सेकंदांत कुणाचा तरी गुडघा पडद्यावर आला, पांढरा आणि स्वच्छ.

"बघा," मॅडम सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "उगाच आमच्या मशीनला नावं. तुमची सीडीच कोरी दिली असंल त्यांनी."

मलाही तेच वाटलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन नगरच्या स्कॅन सेंटरला फोन लावला. घाबरले की मी इंग्रजीत बोलते. लोकांना तो तोरा वाटतो. पलीकडचा माणूस माझं पूर्ण ऐकून मराठीत म्हणाला, "मॅडम, आम्ही चेक केल्याशिवाय सीडी देतच नाही. दुसरी पाहिजे असेल तर पावती घेऊन सोमवारी या." मी फोनवर पाठवता येईल का विचारलं. टेक्निशियन जेवायला गेला आहे, तो आल्यावर विचारतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी आत आले तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. डॉक्टरांचा ड्रायव्हर दारात येऊन उभा होता. पप्पांनी फिल्मचं पाकीट काखेत धरलं होतं. बोटांनी नाही, काखेत. बोटांनी ते धरवत नव्हतं.

मी काउंटरवर ठेवलेली आमची सीडी उचलली आणि खिडकीपाशी नेली. आतापर्यंत मी ती नीट पाहिलीच नव्हती. बाकीच्यांसारखी मीही डब्याकडेच बघत होते. चकाकणारी बाजू उन्हात तिरकी धरली तर सगळीकडे इंद्रधनुष्य उठत होतं, फक्त मधल्या भोकाजवळ नाही. तिथे अंगठ्याएवढा भाग धुरकट होता. पिवळसर, आणि मध्ये किंचित लाल. कुणीतरी तो घाईने गोल गोल पुसला होता. मी सीडी नाकाजवळ नेली. तेलाचा वास आला, आमच्या देव्हाऱ्यातल्या समईच्या तेलाचा.

आमच्या घरी महत्त्वाचा कुठलाही कागद आला की एक रात्र देवासमोर राहतो. माझ्या दहावीच्या मार्कशीटचा एक कोपरा अजून लाल आहे. ट्रॅक्टरच्या पुस्तकावर हळदीचं बोट आहे.

मी वळून मम्मीकडे पाहिलं. ती भिंतीवरचं मणक्याचं पोस्टर वाचत होती. पोस्टर पूर्ण इंग्रजीत होतं.

मी हात धुवायच्या बेसिनकडे गेले. ती माझ्यामागे येणार हे मला माहीत होतं.

"तू लावलंस?" मी नळ सोडत विचारलं.

"येवढंसं बोट लावलं," ती कुजबुजली. "काल राती. ती चमकती बाजू सुलटी वाटली मला. मग नंतर वाटलं, मशीनमधी जायाचीय, राहू नाही द्यावं. म्हणून पदरानं पुसलं की."

"मम्मी, वाचायची बाजू तीच असते."

"मला काय ठावं?"

मला खूप राग आला होता. एवढा वेळ मी त्या खुर्चीवर सगळ्यांसमोर बसले होते, नगरच्या माणसाला इंग्रजीत सुनावलं होतं, आणि ती पोस्टर वाचत होती. मी काही बोलणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"तुज्या पप्पांना सांगू नको. देवाचं लावलं आन् अडलं म्हनल्यावर ते काय म्हनतील? उठून जातील बघ. इथून जे जातील ते परत न्हाई यायाचे."

तिचं बरोबर होतं.

हात धुवायचा साबण मी तळहातावर पाण्याने पातळ केला आणि दोन बोटांनी सीडीवर सोडला. पिवळं लगेच निघालं. लाल निघेना. जोर लावायची भीती वाटत होती. तिच्या पदराच्या जरीने गोल चरे पडले होते, आता ते स्पष्ट दिसत होते. मी भोकापासून बाहेर, भोकापासून बाहेर, असं बोट फिरवत राहिले. मम्मी माझ्या खांद्यावरून बघत होती आणि तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. चौथ्यांदा धुतल्यावर लाल गेलं. ओढणीच्या सुती टोकाने मी पाणी टिपलं.

आत आले तर डॉक्टर हात पुसत बाहेर येत होते. ड्रायव्हरने त्यांची बॅग उचलली होती.

"लागली का सीडी?"

"एक मिनिट, सर," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला.

ट्रे आत गेला. घरघर सुरू झाली. थांबली. परत सुरू झाली. मी ट्रेच्या फटीवर बोटं ठेवली होती, जणू तो बाहेर यायला लागला तर मी तो धरून ठेवणार होते. घरघर तिसऱ्यांदा सुरू झाली, या वेळी वेगळी, वरच्या सुरातली, आणि थांबलीच नाही. पडद्यावर एक चौकट उघडली. त्यात पप्पांचं नाव होतं.

"काय केलंत?" मॅडमनी विचारलं.

"धूळ होती," मी म्हणाले.

डॉक्टर खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच माऊस फिरवत राहिले. करड्या रंगाच्या मानेचे काप एकामागून एक सरकत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मधला राखाडी दोर आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पांढरी पट्टी हे समजलं. एका ठिकाणी ती पांढरी पट्टी दोन्हीकडून संपली होती आणि दोर चेपला होता. डॉक्टरांनी माऊस तिथे थांबवला.

"काका, मूठ मिटा, उघडा. भराभर. मी थांबा म्हणेपर्यंत."

पप्पांनी मूठ मिटली. उघडायला वेळ लागला. सगळा बाक बघत होता. सहाव्या वेळी त्यांनी स्वतःच हात खाली घेतला.

"ऑपरेशन येत्या आठवड्यात करायला हवं. सोमवारी पुण्याला ॲडमिट व्हा."

"तुमच्या पुढच्या फेरीला ठरवू की, साहेब. गव्हाचं पाणी चालू हाय."

"तोपर्यंत मी थांबा म्हणणार नाही."

पप्पा माझ्याकडे वळले. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे. "ताई, त्यात खरंच दिसतंय का काय?"

अनोळखी माणसांसमोर बोलायचं असलं की मी आधी वाक्य मनात जुळवते. तेवढा वेळ नव्हता. "दिसतंय पप्पा. दोर दबलाय. मलासुद्धा दिसतंय."

ते पडद्याकडे बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, "पर ती नको म्हनत हुती. तीन येळा."

"ती कशाला नको म्हनंल?" मम्मी एकदम बोलली. एवढ्या लोकांसमोर ती मोठ्याने बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "मी हळद-कुंकू लावलं हुतं तिला. उलट्या बाजूला. पोरीनं धुतलं, ती चालली. तुमाला काय त्यात शकुन-अपशकुन दिसतोय?"

मॅडम तोंडावर हात धरून हसल्या. बाकावरही कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत.

पप्पा मम्मीकडे बघत होते. "मंग आधी नाही सांगायचं?"

"आधी सांगितलं असतं तर तुमी बसला असता?"

दारात ड्रायव्हरने किल्ल्या वाजवल्या.

"सोमवारी किती वाजता यायाचं?" पप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी वेळ सांगितली, ती मी फिल्मच्या पाकिटावर लिहून घेतली.

ऑपरेशन बुधवारी झालं. डाव्या हाताची पकड महिन्याभरात परत आली. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अजून बधिर आहेत, आणि ती आता तशीच राहतील असं डॉक्टर म्हणतात. पप्पा पेन पहिल्या तीन बोटांत धरतात. सही वेगळी दिसते म्हणून बँकेने नवा नमुना मागितला, तेव्हा त्यांनी सही केली आणि बाकीचा फॉर्म माझ्याकडे सरकवला.