शेवभाजी आणि गुळाचा खडा

आबांनी हात दाखवून ट्रक थांबवला तेव्हा माझ्या एका हातात रॉकेलचा स्टोव्ह होता आणि दुसऱ्या हातात मायने दिलेला काळ्या मसाल्याचा डबा. आग्रा रोडवर, सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, माझ्या वडिलांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पुढे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, दोन खाटा आणि मागे चुली. पण इंदूरपासून नाशिकपर्यंतचे ड्रायव्हर तिथे शेवभाजी खायला थांबायचे, त्यामुळे आबा स्वतःला कलेक्टरच्या एकच पायरी खाली समजत. ओळखीचा ट्रक आम्हाला नरडाण्याला सोडणार होता आणि तिथून सुरतची पॅसेंजर. धुळ्याची गिरणी बंद पडली होती, आमच्या यांच्या हाताला काम नव्हतं, आणि सुरतेत लूमवर माणसं घेतात असं गावातला जो तो सांगत होता. आबा रडणाऱ्यांतले नव्हते. खांद्यावरच्या पंच्याला त्यांनी कोरडेच हात पुसले आणि म्हणाले, "सिंधू, तोंडनी चव जपजो. तठे नई जमनं तं परत ये. आठला चुल्हा तुनाच शे."

हे वाचणाऱ्या तुम्हा सोनगीरकरांना याचा अर्थ सांगायला नको. पण सुरतेतल्या उधन्याच्या गल्ल्यांत वाढलेली आपली पोरंही हे वाचतील, म्हणून सांगते: तोंडाची चव जप, तिथे नाही जमलं तर परत ये, इथली चूल तुझीच आहे. आणि ती चव कसली, तेही सांगते. आबांच्या भाजीला कांदा निखाऱ्यात भाजायचा, खोबरं काळं होईपर्यंत परतायचं, लसूण सोलत बसायचं नाही, आख्खाच ठेचायचा. मिरची वर्षाची एकदम भाजायची आणि मसाला पाट्यावर वाटायचा. रश्शावर बोटभर तेल आलं पाहिजे आणि शेव ताटात वाढतानाच टाकायची, आधी टाकली तर तिचा लगदा होतो. शिजवायचं मी, वाढायचा माझा धाकटा भाऊ रतन. मीठ-मसाला जमला की नाही हे आबा स्वतः चाखून बघत नसत. मला एक घास खायला लावत आणि माझ्या तोंडाकडे बघत. "जमनं," म्हणत आणि निघून जात. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसायचं, देव जाणे.

आणि आबांचा एक कायदा होता. नवखं गिऱ्हाईक बसलं की ते गल्ल्यावरून त्याच्या डोळ्यांवर नजर ठेवत. तिसऱ्या-चौथ्या घासाला त्याचे डोळे भरले, नाक वाहायला लागलं, की आबा आत आवाज टाकत, "पाव्हना शे, गूळ लई या रे." मग रतन गुळाचा खडा घेऊन पळायचा. त्या गुळाचे पैसे नसत. पण तो ज्याच्या ताटात पडला तो बाहेरचा. मोठमोठे मिशीवाले पंजाबी ड्रायव्हर गूळ नको म्हणून दातावर दात दाबून खात. आमच्या घरातल्या कुणाच्या ताटात तो खडा कधी पडला नाही. माझं लग्न ठरवताना नवरा मुलगा हॉटेलात जेवायला बसवला होता, तो गुळाविना उठला तेव्हाच आबांनी होकार दिला. माय म्हणायची, पोरगी दिली की पैज लावली कुणास ठाऊक.

उधन्यात एक खोली मिळाली. शेजारी यावलकडच्या सुमनताई राहायच्या. त्या केळीच्या बागा आणि भरताची वांगी यांच्यापलीकडे काही बोलत नसत. जळगावच्या भरिताशिवाय खान्देश म्हणजे नुसता उन्हाळा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचे, तुमचं भरीत पोरांना भरवायला बरं, शेवभाजी खायला छाती लागते. आम्ही दोघी नळावर भांडायचो आणि संध्याकाळी वाट्या बदलायचो. गल्लीतल्या गुजराती बायका नाकाला पदर लावून आमच्या खोल्यांपुढून जात. त्याचाही आम्हाला अभिमानच होता. ती सुरुवातीची वर्षं खरं तर बरी गेली. हे बारा-बारा तास लूमवर उभे असायचे, कानांत खटखट घेऊनच घरी यायचे. त्यांच्यासमोर माझी भाजी आली की म्हणत, चला, पोचलो गावाला.

मुलगा महेंद्र झाला, शाळेत जाऊ लागला आणि यांचा खोकला सुरू झाला. लूमच्या खात्यातली धूळ छातीत बसली असं डॉक्टर म्हणाले. औषधं चालली, काम सुटलं. मी टिफिन सुरू केले. कापड मार्केटमधले गुमास्ते, एकटे राहणारे, त्यांना घरचं जेवण हवं होतं. पहिल्याच दिवशी सगळे डबे अर्धे भरलेले परत आले. एक जण दारापर्यंत येऊन हात जोडून म्हणाला, बेन, बहु तीखुं छे, दाळमां थोडो गोळ नाखजो. मी दार लावलं आणि मायच्या डब्याशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी डाळीत गूळ घातला. घालणार नाही तर काय करणार? घरात कमावणारी मी एकटी होते. हळूहळू भाजीतही घातला. डबे चाटून-पुसून परत यायला लागले.

स्वतःच्या घरात तरी तिखट ठेवेन म्हटलं, तर मिरची तव्यावर टाकली की यांना ठसका लागायचा तो थांबायचाच नाही. ओठ काळेनिळे पडायचे. एकदा सुमनताई आणि मी त्यांना उचलून बाहेर ओट्यावर नेलं, तेव्हापासून घरात मिरची भाजणं बंद. माय दरवर्षी कुणा ना कुणाबरोबर मसाला पाठवायची, तो मी फडक्यात बांधून वर ठेवायचे. जे डब्यांत तेच आमच्या ताटात. आजाऱ्याला एक, पोराला एक आणि आपल्याला तिसरं असं शिजवायला सवड कुणाला होती? महेंद्र तर ती गोड डाळ ओरपून खायचा आणि अजून मागायचा.

यांना जरा उतार होता त्या एका उन्हाळ्यात सुमनताईंच्या भरवशावर सगळं टाकून मी महेंद्रला घेऊन सोनगीरला गेले होते. आजोबांच्या हॉटेलात बसून त्याने एक घास घेतला आणि असा काही नाचायला लागला की रस्त्यावरची माणसं थांबली. आबा हसत हसत ओरडले, "पाव्हना शे, गूळ लई या रे." सगळं हॉटेल हसलं. सगळ्यांत जास्त मी हसले. मला तेव्हा भाजी थोडी तिखट लागली होती, पण मी प्रवासाच्या उन्हावर ढकललं.

त्यानंतर कितीतरी वर्षं जाणं झालंच नाही. यांना सोडून जाता येईना, डबे बंद ठेवता येईनात. माय गेली तेव्हा धावत गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. सुतकाच्या घरात फोडणी नसते, आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने बिनतिखटाचं खाल्लं. मायने त्या वर्षीचा मसाला करून ठेवला होता, माझ्या नावाचा डबा वेगळा काढून. तो घेऊन आले.

मग हेही गेले. शेवटी शेवटी त्यांना पाणीसुद्धा चमच्याने लागायचं. एका दुपारी म्हणाले, एकदा तुझी भाजी कर. मी मसाल्याचा डबा खाली काढला आणि पुन्हा वर ठेवला, कारण त्या वासाने त्यांचा श्वास कोंडला असता. महेंद्रला मार्केटमध्ये नोकरी लागली होती. तो म्हणाला, मम्मी, आता टिफिन बंद कर, आराम कर. पण मला आराम नको होता. मला परत जायचं होतं. "तठे नई जमनं तं परत ये." नाहीच जमलं आबा, असं मी भांडी घासताना मोठ्याने म्हणायचे. सुरतेत माझं काय होतं? नवरा गेलेला, मुलगा इथलाच झालेला. सोनगीरला माझी चूल होती. एवढ्या एका आशेवर मी ती सगळी वर्षं काढली होती, दुसऱ्या कशावर नाही. रतनला कळवलं, त्याने लगेच उत्तर पाठवलं, आक्का, ये. आबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे, माणूस कधी ओळखतात, कधी नाही, एवढं त्याने सांगून ठेवलं होतं.

पेटी घेऊन मी उतरले ती दुपारच्या जेवणाची वेळ होती. बाकड्यांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या, चुली मात्र त्याच. आबा गल्ल्याजवळ खाटेवर बसलेले, उजवा हात मांडीवर पडलेला. मी पाया पडले. त्यांनी डावा हात माझ्या कपाळाला लावला, जसा कुणालाही लावतील तसा. रतन सांगणार होता, मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मला वाटलं, सांगून काय ओळख पटवायची? मी समोर बसते, पहिला घास खाते, ते माझ्या तोंडाकडे बघतील आणि ओळखतील. आयुष्यभर त्यांनी हे तोंड वाचलं होतं.

रतनने ताट वाढलं. मी भाकरी कुस्करली, रस्सा घेतला, वर शेव टाकली. पहिल्या घासाला मसाल्याचा वास आला आणि माझा ऊर भरून आला. दुसऱ्या घासाला जीभ पेटली. तिसऱ्याला कान तापले, नाक वाहायला लागलं, डोळ्यांतून धारा. मी पदर तोंडावर धरला. ठसका आला तो दाबला, तर दुप्पट आला. असं होणं शक्य नव्हतं. ही माझीच भाजी होती, माझ्याच हातची पद्धत. मी घाईघाईने चौथा घास घेतला आणि वर बघितलं. आबा माझ्याकडेच बघत होते, अगदी पूर्वीसारखे, नजर न हलवता.

"पाव्हनी शे," ते म्हणाले. आवाज तस्साच, खणखणीत. "गूळ लई या रे."

रतन जागचा हलेना. आबांना राग आला. गिऱ्हाईक ताटावर ताटकळतंय आणि पोरगं उभं काय राहतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते पुन्हा ओरडले. तेव्हा रतनने आतून गुळाचा खडा आणला आणि माझ्याकडे न बघता माझ्या ताटात ठेवला. आबांच्या हॉटेलात आयुष्यात पहिल्यांदा मी गूळ खाल्ला. आणि खोटं कशाला बोलू, खाल्ल्यावर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला जास्त भीती वाटली.

मागे चुलीपाशी रतन मला समजावत होता, "आक्का, आबा आते बठ्ठासलेच पाव्हना म्हनतस." आता ते सगळ्यांनाच पाहुणा म्हणतात, हे मला मानायचं होतं. पण मी पुढे येऊन बसून राहिले, बघत राहिले. एक म्हातारा ड्रायव्हर आला, दोनदा रस्सा मागून घेतला, डोळ्याला पाणी नाही. आबांनी त्याच्यासाठी गूळ मागवला नाही. मागून दोन कॉलेजची पोरं आली, एकाचे डोळे भरले. त्याच्यासाठी मागवला. आबांचं सगळं गेलं होतं, बायको गेलेली आठवत नव्हती, पण ही पारख शाबूत होती. मग मला ओळखलं नाही असं तरी कसं म्हणू? जी समोर बसली होती तिला त्यांनी बरोबर ओळखलं.

पेटी मी रिकामी केलीच नाही. राहिले तेवढे दिवस रोज जेवायला बसले आणि रोज गूळ आला. निघताना त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, आबा, मी सिंधू. ते हसले. पैसे चुकते करून निघालेल्या गिऱ्हाइकाला हसावं तसं हसले आणि म्हणाले, "परत येज्यात."

आता मी उधन्यात आहे. घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी पूर्वी फटकन सोनगीर म्हणायचे. आता जरा थांबते. माझ्यापुरतं घर म्हणजे जिथे माझ्यासाठी गूळ मागवत नाहीत ते. सुरतेत गूळ आधीच डाळीत असतो आणि सोनगीरला ताटात येतो, मग मी जाऊ कुठे? रतन म्हणतो, गूळ आला तर आला, तू येऊन राहा. पण पाहुणीने किती दिवस राहायचं?

म्हणून मी एक चालवलं आहे. महेंद्र कामावर गेला की मायचा तो शेवटचा डबा काढते. भाकरीच्या तुकड्यावर मसाला घेते, वर तेल घेते आणि खाते. आधी चिमूटभर, मग जास्त. तो मसाला जुना झाला आहे, त्याचा दम निघून गेला आहे, तरी सुरुवातीला त्यानेही मला रडवलं. आता तो जमतो. पोटात आग पडते, महेंद्र रागावतो, सुमनताई म्हणतात तुला वेड लागलंय. लागलं असेल. निघताना रतनने दिलेला ताजा मसाला मी परवापासून सुरू केला आहे.

रतन, हे आबांना वाचून दाखव. त्यांना कळणार नाही, तरी दाखव. त्यांना म्हणावं, पाहुणी सराव करते आहे. त्यांना म्हणावं, आबा, जरा थांबा. अजून डोळ्यांत पाणी येतं.