शेडमधल्या नळीचा उतार

पोल्ट्रीची आमची ती पहिलीच बॅच. बायकोनं दौंडकडच्या माहेरी हे काम केलेलं, तिच्याच हट्टानं मांडवगणच्या रानात छोटं शेड टाकलं. थंडीत पिल्लांना ऊब लागते, आणि आमची लाईट कधी जाईल याचा नेम नाही. मग बल्बच्या भरवशावर कोण बसणार? मी शेडच्या तोंडाला लाकडावर पाणी तापवणारा मोठा बंब बसवला. त्यातून लोखंडी नळी भिंतीकडेनं पार टोकापर्यंत नेली, तिथून परत बंबात आणली. गरम पाणी आपलं आपण फिरत राहील, असा हिशोब. हयात उसाला पाणी देण्यात गेलेली, म्हणून नळीला टोकाकडं झकास उतार दिला. पाण्याला उतार कसा द्यायचा हे मला कोण शिकवणार!

पिल्लं आली आणि सगळी बंबाजवळच गर्दी करून एकमेकांवर चढायला लागली. टोकाकडची नळी हाताला गार. रोज सकाळी ढिगाखालून चेंगरलेली पिल्लं निघायची. असंच चाललं असतं तर आठवड्यात शेड रिकामं झालं असतं. माझं डोकं फिरलं. भावकीतली चार माणसं बसलेली असताना बायकोवर ओरडलो, "तुला साधा जाळ घालता येत न्हाई व्हय गं?"

ती उठून पुन्हा बंबाकडं गेली. लाकडं सारून सारून तिच्या हातांची सालं निघाली होती, ती मला दिसत होती. तरी ओरडलो.

शेवटी बंब बनवून देणाऱ्या पाबळकडच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना तिनंच फोन केला. ते आले, नळीवरून हात फिरवत टोकापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "ही नळी कुणी बशिवली?"

मी बायकोकडं बघितलं. आता ही सांगणार, आणि सांगावंच तिनं.

"आमी दोघांनी, मामा," ती म्हणाली.

तिनं नळीला हातही लावला नव्हता हो!

मिस्त्री हसले. "आरं, हा काय उसाचा पाट हाय? तापल्यालं पाणी वर चढतं. त्याला चढ पायजे. आन् आत कोंडल्याली हवा कुठनं जाणार?"

टोकाखाली विटा रचून आम्ही नळी उचलली. सगळ्यात उंच जागी एक उघडी नळी उभी केली. बुडबुड करत हवा निघाली. घटकाभरानं टोकाला हात लावला तर चटका बसला, आणि मी आनंदानं ओरडलोच. संध्याकाळी पिल्लं वाळत घातलेल्या ज्वारीसारखी शेडभर पसरली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच चौघांना चहाला बोलावलं. तिच्यासमोर सांगितलं, "नळी मी एकट्यानं बशिवली, उलटी. हिचा जाळ बरोबर व्हता. हिनं मिस्त्रीला बोलावलं म्हणून पिल्लं वाचली."

माणसं गेल्यावर ती कपबशा गोळा करत म्हणाली, "नुसतं घरात म्हणला आसता तरी मला चाललं आसतं. पर बरं झालं, त्यांच्याम्होरं म्हणलात."